किल्ली काढली तरी न थांबलेलं इंजिन : सातवीच्या वर्गातला एक शोधपाठ



आजचा पाठ थोडा वेगळा आहे. विषय आहे ट्रकचं डिझेल इंजिन. प्राथमिकच्या मॅडमचं गॅरेजमध्ये काय काम, असं वाटेल. पण या पाठात विज्ञान आहे, घनफळ आहे, शेकडेवारी आहे, तर्क आहे आणि माझी एक चूकही आहे. चुकीपासूनच सुरुवात करते.

माझी चूक

सातवीच्या वर्गात ज्वलन शिकवत होते. जळायला तीन गोष्टी लागतात : इंधन, हवा आणि पुरेशी उष्णता. उदाहरण म्हणून मी सांगितलं, "गाडीच्या इंजिनात प्लगची ठिणगी पडते, इंधन पेटतं. किल्ली बंद केली की ठिणगी बंद, म्हणून इंजिन बंद."

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "मॅडम, डिझेलले पलग नसते. बाबाच्या ट्रकले स्टॉपर ओढा लागते."

हा मुलगा वाचनात मागे होता, एरवी तोंडही उघडत नसे. मी घाईत होते. "बरं, बस खाली," म्हटलं आणि पुढे गेले. वर्ग हसला. तो बसला, आणि नंतर कितीतरी दिवस काही बोलला नाही.

बरोबर तोच होता. जुन्या डिझेल ट्रकमध्ये इंजिन बंद करायला एक केबल ओढावी लागते. तिला ड्रायव्हर स्टॉपर म्हणतात. ती डिझेलचा पुरवठा तोडते. ठिणगीचा तिथे संबंधच नाही.

काय घडलं

कापसाचा हंगाम होता. मुलाचे वडील ट्रकवर आहेत, जिनिंगमधून गाठी न्यायचं काम. गाडी जुनी, टर्बो असलेली, आणि कर्ज काढून घेतलेली. एका सकाळी त्यांनी घरासमोर गाडी सुरू केली. चाकाला दगड लावलेला होता. चार-पाच मिनिटांत ब्रेकच्या हवेचं प्रेशर भरलं, आणि तेवढ्यात इंजिनाचा आवाज आपोआप चढायला लागला. पाय रेसवर नव्हता. धुराने गल्ली भरली. त्यांनी किल्ली फिरवली, स्टॉपर ओढला. आवाज चढतच गेला.

मुलगा धावत आला. हवा बंद केली की इंजिन बंद पडेल हे त्याला माहीत होतं, म्हणून गमछा घेऊन तो हवेच्या पाइपाकडे हात नेणार, तोच वडील ओरडले. त्यांनी ब्रेक गच्च दाबला, सगळ्यात वरचा गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडीने एक धक्का खाल्ला आणि इंजिन दबून बंद पडलं.

त्यानंतर मुलगा आठ दिवस शाळेत आला नाही. मी घरी गेले. वडील म्हणाले, "मॅडम, मिस्त्री म्हणते कंप्रेशन गेलं, पूर्ण इंजिन बांधा लागते. दीड लाख सांगते. हंगामात गाडी उभी हाये, हप्ता कुठून भरू? पोट्ट्याले गॅरेजातच लावून देतो, हाताले काम तरी शिकन."

मला इंजिनातलं काही कळत नव्हतं. पण एक प्रश्न विचारता आला : "पूर्ण इंजिन बांधावं लागेल हे कशावरून ठरलं?" इंजिन उघडलंच नव्हतं. आवाज आणि धूर यांवरून ठरलं होतं. वडिलांनी दुसऱ्या एका वयस्कर मिस्त्रीला बोलावलं. ते म्हणाले, "आधी तेल कुठी गेलं ते पाहू, मंग बांधाबांधी." शनिवारी दुपारनंतर मीही जाऊन बसले. मुलगा मला एकेक भाग दाखवत होता.

आधी तत्त्व : ठिणगीशिवाय आग

रुडॉल्फ डिझेल या अभियंत्याचा जन्म १८५८ साली पॅरिसमध्ये झाला. त्याचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्ग इथे यशस्वी ठरलं. कल्पना साधी आहे. हवा खूप दाबली की ती तापते. इतकी तापते, की तीत डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून जोरात दाबून पाहा, पंपाचं टोक कोमट लागेल. डिझेल इंजिन म्हणजे हाच पंप, फार जोराने दाबलेला.

गणितासाठी आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावलेलं टाटाचं ६९७ इंजिन घेतलं. नावातच माहिती आहे : ६ सिलिंडर, ९७ मिलिमीटर व्यास. पिस्टनची धाव १२८ मिलिमीटर. मुलांनी वृत्तचितीचं घनफळ काढलं :

३.१४ × ४.८५ × ४.८५ × १२.८ = सुमारे ९४५ घनसेंटिमीटर.

सहा सिलिंडरचे मिळून साधारण ५६७० घनसेंटिमीटर, म्हणजे साडेपाच लिटरहून थोडं जास्त. आता दाबाचं प्रमाण १७ : १ धरू. पिस्टन वर गेल्यावर उरणारी जागा म्हणजे ९४५ ÷ १६ = सुमारे ५९ घनसेंटिमीटर. सुमारे एक लिटर हवा एका कटिंग चहाच्या पेल्यात कोंबायची! तिथे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातं. डिझेलला आपोआप पेटायला सव्वादोनशे-अडीचशे अंशही पुरतात.

यातून दोन गोष्टी निघतात. या दोन गोष्टींवरच पुढचा सगळा पाठ उभा आहे.

पहिली : डिझेल इंजिनात हवेवर झाकण नसतं. हवा भरपूर जातच असते. वेग किती ठेवायचा हे फक्त इंधनाच्या मापावर ठरतं. ते माप पंप आणि त्यातला गव्हर्नर देतात.

दुसरी : गरम दाबलेल्या हवेला डिझेल आणि इतर तेल यांत फरक कळत नाही. इंजिन ऑइलची वाफ आत गेली, किंवा बाहेरचा ज्वलनशील वायू ओढला गेला, तरी तो पेटणारच. मग पंपाचं माप निरुपयोगी होतं. इंजिन जितकं जोरात फिरतं तितकं जास्त तेल ओढतं, आणि जितकं तेल ओढतं तितकं जास्त जोरात फिरतं. यालाच इंजिन पळणं म्हणतात.

बाहेरच्या वायूचं एक भयंकर उदाहरण आहे. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास सिटी इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात गळती होऊन इंधनाच्या वाफेचा ढग पसरला. जवळ एक डिझेल पिकअप गाडी सुरू ठेवलेली होती. ती वाफ ओढून तिचं इंजिन पळू लागलं, आणि बहुधा तिथूनच ढग पेटला, असं चौकशीत निघालं. १५ माणसं गेली. म्हणून गॅस गळतीच्या जागी डिझेल गाडी सुरू ठेवणं किंवा सुरू करणं दोन्ही धोक्याचं.

मुलांचा प्रश्न

नंतर वर्गात हे सांगितलं तेव्हा एका मुलीने नेमका प्रश्न विचारला, "मॅडम, कंप्रेशन गेलं म्हणजे इंजिन कमजोर झालं ना? मग कमजोर इंजिन पळालं कसं?"

उत्तर असं : कंप्रेशन गळायलाही वेळ लागतो. इंजिन हळू फिरताना, म्हणजे सकाळी सेल्फ मारताना, हवेला निसटायला वेळ मिळतो. म्हणून गाडी उशिरा सुरू होते. पण वेग वाढला की निसटायला वेळच उरत नाही. गरम झालेलं, थोडं गळकं इंजिनही पळू शकतं.

आणि दोन्हींचं नातं दोन्ही बाजूंनी असू शकतं. रिंग झिजल्या असतील तर जळलेला वायू खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो. मेकॅनिक याला बॅक कंप्रेशन म्हणतात. चेंबरमध्ये दाब वाढला की टर्बोतून परत येणाऱ्या ऑइलला वाट मिळत नाही, आणि ते सील ओलांडून हवेच्या पाइपात जातं. काही गाड्यांत ब्रीदरची नळी हवेच्या पाइपालाच जोडलेली असते, तिथून ऑइलची वाफ थेट आत जाते. म्हणजे कंप्रेशन गेल्यामुळे इंजिन पळू शकतं. उलट, इंजिन अति वेगाने पळालं की व्हॉल्व्हच्या स्प्रिंग मागे पडतात, व्हॉल्व्ह वेळेत बंद होत नाही आणि पिस्टन त्याला धडकतो. म्हणजे इंजिन पळाल्यामुळेही कंप्रेशन जाऊ शकतं.

आधी कोणतं आणि नंतर कोणतं? दीड लाखाचा प्रश्न तो हाच होता.

शोध कसा लावला : पुरावा आणि निष्कर्ष

मिस्त्रींचा पहिला नियम : कारण सापडेपर्यंत इंजिन पुन्हा सुरू करायचं नाही.

१. धुराचा रंग. वडिलांना विचारलं. काळा नव्हता, निळसर पांढरा आणि दाट होता. पंपाने जास्त डिझेल सोडलं तर धूर बहुतेक काळा येतो. निळसर धूर म्हणजे संशय इंजिन ऑइलवर.

२. ऑइलची पट्टी. पट्टी काढून पाहिली, वास घेतला. पातळी खुणेच्या वर असती तर ऑइल जास्त भरलंय, किंवा डिझेल गळून ऑइलमध्ये मिसळलंय, असं समजलं असतं. इथे डिझेलचा वास नव्हता. पातळी खुणेच्या बरीच खाली होती. आणि आदल्या रात्रीच वडिलांनी एक लिटर टाकलं होतं! खाली जमिनीवर डाग नाही. मग गेलं कुठे? जळलं.

३. पंप. पंपाच्या बाजूचं झाकण उघडून स्टॉपर ओढला. आतली रॅक मोकळेपणी शून्यावर जात होती. म्हणजे त्या सकाळी डिझेल खरंच बंद झालं होतं. पंप निर्दोष.

४. हवेचा पाइप. एअर क्लीनर ते टर्बो हा तुकडा कोरडा. टर्बोच्या पुढचा पाइप आतून ऑइलने चिंब. एका बाजूला कोरडं, दुसऱ्या बाजूला ओलं, म्हणजे ऑइल मधूनच आलं. टर्बोचा दांडा बोटाने हलवून पाहिला, पंख घराला घासत होता. सील गेलेलं.

इथपर्यंत इंजिन पळण्याचं जवळचं कारण मिळालं. पण टर्बोचं सील गेलं का? रिंग झिजल्याने चेंबरमध्ये दाब वाढला म्हणून, की आणखी कशामुळे?

५. आधी हाताने फिरवणं. कंप्रेशन तपासण्याआधी सगळी नोझल काढून इंजिन हाताने फिरवलं. सिलिंडरमध्ये ऑइल साचलेलं असेल आणि तसाच सेल्फ मारला, तर ऑइल हवेसारखं दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ही काळजी न घेतल्याने बरं इंजिनही मोडू शकतं.

६. कंप्रेशनचं मीटर. नोझलच्या जागी मीटर लावून एकेक सिलिंडर तपासला. मुलाने वहीत आकडे लिहिले. इथे ते गोल करून देते, बारमध्ये :

पहिला २६, दुसरा २५, तिसरा २६, चौथा १९, पाचवा २६, सहावा २५.

डिझेल इंजिनात हा आकडा इंजिनानुसार साधारण २० ते ३० बार असतो. तुलनेसाठी सांगते, ट्रकच्या टायरमध्ये सुमारे ८ बार हवा असते. एकट्या आकड्यापेक्षा आपसांतला फरक महत्त्वाचा. दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असला की दोष शोधायचा. वर्गात मुलांनी शेकडेवारी काढली : (२६ − १९) ÷ २६ × १०० = सुमारे २७ टक्के.

आता विचार करा. ऑइल खाण्याइतक्या रिंग झिजल्या असत्या, तर सहाही सिलिंडरमध्ये थोडीफार घट दिसली असती. इथे पाच चांगले, एकच पडलेला.

७. गळतीचा आवाज. चौथ्याचा पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, नोझलच्या भोकातून कंप्रेसरची हवा सोडली आणि कान लावला. हवा कुठून फुसफुसते यावर निदान ठरतं :

- ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंग किंवा लायनर
- सायलेन्सरच्या बाजूने आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह
- हवेच्या पाइपातून आली तर इनलेट व्हॉल्व्ह
- रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट
- शेजारच्या सिलिंडरमधून आली तर दोघांमधलं गॅस्केट

मुलानेच आधी ओळखलं, "मॅडम, सायलेन्सरकून येते." टॅपेटचं अंतर तपासलं, बरोबर होतं. मग हेड उघडलं. चौथ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित वाकलेला, आणि पिस्टनच्या डोक्यावर त्याचा ताजा, चमकणारा ठसा.

तो ठसा हाच पुरावा. व्हॉल्व्ह त्या सकाळी अति वेगात धडकला. म्हणजे कंप्रेशन गेल्याने इंजिन पळालं नव्हतं, इंजिन पळाल्याने कंप्रेशन गेलं होतं. मूळ कारण टर्बोत. त्याची ऑइल परत येण्याची नळी काढली तर ती जळक्या ऑइलच्या काजळीने जवळजवळ बंद. ऑइल बदलायची वेळ लांबवत नेल्याचा हा परिणाम.

टर्बो बदलला, एक व्हॉल्व्ह बदलून सीट घासली, नवं गॅस्केट आणि नवं ऑइल घातलं. हवेचे सगळे पाइप आतून धुतले. हे फार महत्त्वाचं, कारण पाइपात उरलेल्या ऑइलवर इंजिन पुन्हा पळू शकतं. पहिल्यांदा सुरू करताना मिस्त्रींनी हवेचं तोंड झाकायला लोखंडी पत्रा हातात धरूनच ठेवला होता. लागला नाही. खर्च आला, पण सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी.

वडील नंतर म्हणाले ते मला लागलं. "पंधरा दिवसापासून सकाळी निळा धूर येत होता. मी फक्त तेल टाकत गेलो. जाते कुठी, ते इचारलंच नाही."

वर्गात करायच्या कृती

- सिरिंज. सुई नसलेली नवी आणि जुनी सैल झालेली, अशा दोन सिरिंज घ्या. तोंड बोटाने दाबून दट्ट्या आत ढकला आणि सोडा. नवीचा दट्ट्या बराच परत येतो, सैलीचा येत नाही. हेच कंप्रेशन जाणं.
- बादली. सैल सिरिंज पाण्यात धरून दाबा. बुडबुडे कुठून येतात ते पाहून गळती ओळखा. पंक्चरवाले काका हेच करतात.
- पुरावा-तक्ता. वहीत तीन रकाने : काय दिसलं, त्यावरून काय ठरतं, काय ठरत नाही. तिसरा रकाना मुलांना सगळ्यात अवघड जातो. "धूर निळा होता" यावरून ऑइल जळालं हे ठरतं, पण ते कुठून आलं हे ठरत नाही.

सुरक्षितता, पालकांनी जरूर वाचावी

- पळालेल्या इंजिनाच्या हवेच्या तोंडाशी हात, गमछा, ओढणी नेऊ नका. ओढ इतकी जबर असते की कापडासोबत हात आत जातो. झाकायचंच तर जाड, सपाट पत्रा किंवा फळी, आणि तीही जाणत्या मोठ्या माणसाने.
- कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक जवळ असेल तर ते हवेच्या तोंडात सोडल्याने इंजिन थांबू शकतं. डिझेल बंद केल्याचा इथे उपयोग नाही, हवा तोडावी लागते.
- गिअरमध्ये दाबून बंद करणं हे फक्त ड्रायव्हरने, ब्रेक पूर्ण लागत असतील आणि समोर कोणी नसेल तेव्हाच.
- यातलं काही जमत नसेल तर लांब पळा. इंजिन फुटून तुकडे उडू शकतात. गाडी पुन्हा घेता येते.
- मुलांना आधीच सांगून ठेवा : असा आवाज आला की जवळ जायचं नाही, मागे सरायचं.

शेवटी

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला आपल्या वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली होती. हाताच्या कामातून शिक्षण, हा गांधीजींचा विचार तिथे मांडला गेला आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. डीएडला असताना मी त्यावर टिपा लिहून मार्क मिळवले. पण हाताचं काम माहीत असलेलं मूल वर्गात उभं राहिलं, तेव्हा मी त्याला खाली बसवलं.

सोमवारी तो शाळेत आला. मी वर्गासमोर सांगितलं, "त्या दिवशी मी चुकीचं शिकवलं होतं. हा बरोबर होता. आज तो शिकवेल." फळ्यावर त्याने सिलिंडर काढला, चौथ्याचा आकडा लाल खडूने लिहिला. नंतर त्याने या सगळ्यावर एक पान लिहून दिलं. त्यात शुद्धलेखनाच्या चुका भरपूर आहेत, पण त्याने स्वतःहून लिहिलेलं ते पहिलंच पान. वाचनात तो अजूनही मागे आहे, आम्ही रोज वीस मिनिटं बसतो. गॅरेजात तो आता रविवारीच जातो, तेही वडिलांसोबत. आठवीला पाठवायचं की नाही यावर घरी अजून बोलणं चालू आहे. मीही जाते मधूनमधून.

त्या मुलाचं वाचन मागे आहे हे मी वर्षभर वहीत नोंदवत होते. का मागे आहे, हे तपासायला मात्र मी बसले नव्हते. हंगामात वडिलांसोबत किती दिवस गाडीवर जातो, कोणती अक्षरं अडतात, कुठे थांबतो, यातलं काहीच मी पाहिलं नव्हतं. न उघडताच "पूर्ण इंजिन बांधा" म्हणणाऱ्या मिस्त्रीसारखंच झालं की हे.

तुमच्या वर्गात ट्रकवाल्याचं, विणकराचं, गवंड्याचं मूल असेल तर त्याच्याकडून एक पाठ घेऊन पाहा, आणि कसा झाला ते नक्की कळवा.